शिक्षणात स्त्री-पुरुष समानता: शाळांना नेहमी पडणारे प्रश्न

ही उत्तरे मुख्याध्यापक, शिक्षक, शाळा समितीचे सदस्य आणि पालक यांच्यासाठी आहेत. पटसंख्या सारखी झाली की काम संपले, या समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान होते. म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

आमच्या शाळेत मुली आणि मुलगे जवळपास सारखेच आहेत. मग करायचे काय उरते?

पटावरच्या आकड्यावरून कोणाचे नाव दाखल झाले एवढेच कळते. रोज कोण येते, वर्गात कोणाला बोलायला मिळते, प्रयोगाचे साहित्य कोणाच्या हातात असते, अवघड समजले जाणारे विषय कोण निवडते, शाळेत आणि वाटेवर कोणाला भीती वाटते, शेवटच्या इयत्तेची परीक्षा कोण देते, यांतले काहीच त्या आकड्यात नसते. दरी बहुतेक वेळा या पुढच्या पायऱ्यांवर पडते.

ही मागणी नवी नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९७९ साली संमत झाला. त्याच्या दहाव्या कलमात प्रवेशाबरोबरच सारखा अभ्यासक्रम, सारख्या परीक्षा, सारख्या दर्जाचे शिक्षक आणि इमारती, शिष्यवृत्त्या, खेळात सहभाग, पाठ्यपुस्तकांतल्या साचेबद्ध प्रतिमा काढून टाकणे आणि मुलींची गळती कमी करणे या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. २०१५ साली ठरलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही शिक्षणातली लिंगाधारित दरी २०३० पर्यंत संपवायची, असे लक्ष्य आहे.

दरी आहे की नाही, हे मोजायचे कसे?

युनेस्को ज्याला लिंगसमता निर्देशांक म्हणते तो सोपा आहे: मुलींचे प्रमाण (म्हणजे त्या वयाच्या सगळ्या मुलींपैकी शाळेत किती टक्के आहेत ते) भागिले मुलग्यांचे तसेच प्रमाण. उत्तर ०.९७ ते १.०३ या दरम्यान आले तर समतोल मानतात. त्याखाली मुली मागे, त्यावर मुलगे मागे.

नेहमी होणारी चूक म्हणजे प्रमाणाऐवजी नुसत्या संख्या भागणे. परिसरात मुळात मुलगे जास्त असतील तर शाळेतही ते जास्त दिसणार. त्यावरून मुली शाळेबाहेर आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. मुलग्यांना दुसऱ्या, महागड्या शाळेत घातले जात असेल तर तुमच्या शाळेत मुली जास्त दिसतील, आणि हे समानतेचे लक्षण मुळीच नव्हे.

एका शाळेपुरते मोजायचे तर एकाच तुकडीचा माग काढणे सगळ्यात उपयोगाचे. समजा पाचवीत ६० मुली आणि ६० मुलगे दाखल झाले होते. दहावीच्या परीक्षेला त्यांच्यापैकी ४२ मुली आणि ५१ मुलगे बसले. म्हणजे मुली ७० टक्के टिकल्या, मुलगे ८५ टक्के. ७० भागिले ८५ म्हणजे ०.८२. पट सारखा होता, पण वाटेत दरी पडली. हा हिशोब करण्यापूर्वी दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झालेली नावे वगळा. मात्र नुसता दाखला नेला म्हणजे दुसरीकडे प्रवेश घेतला असे धरू नका. खात्री झाली नाही तर ते नाव गळतीतच राहू द्या.

हेच गणित इयत्तावार मांडले की दरी नेमकी कुठे पडते ते दिसते. बऱ्याचदा ती सगळीकडे थोडी थोडी नसते. एका वळणावर, म्हणजे प्राथमिक शाळा संपून लांबच्या माध्यमिक शाळेत जायचे असते तिथे, एकदम उतार लागतो.

लहान शाळांसाठी एक सूचना: वर्गात १२च मुली असतील तर एक मुलगी गेली की टक्केवारी ८ने हलते. अशा वेळी तीन वर्षांचे आकडे एकत्र करून बघा. आणि एकूण मुली आणि एकूण मुलगे एवढ्यावर थांबू नका. लांबून येणाऱ्या मुली, अपंग मुली, पहिल्यांदाच शाळा पाहणाऱ्या घरातल्या मुली यांची नोंद वेगळी काढा. सरासरी चांगली दिसते तेव्हा याच मुली त्या सरासरीत झाकल्या जातात.

मुली शाळा सोडतात त्याची कारणे तर घरची असतात. शाळा त्यात काय करणार?

निम्मे काम शाळेच्या हातात आहे, कारण शाळा सोडण्याआधी गैरहजेरी वाढते आणि ती हजेरीपत्रकात दिसते. महिन्यात १० टक्क्यांहून जास्त दिवस बुडाले, म्हणजे २४ दिवसांच्या महिन्यात तीन दिवस, की त्या विद्यार्थ्याकडे लक्ष द्यायला सुरुवात करावी. सलग तीन दिवस कोणी आले नाही तर त्याच दिवशी घरी निरोप गेला पाहिजे. महिनाअखेरीस बेरीज करून उपयोग नाही. तोवर ती मुलगी घरकामात किंवा धाकट्या भावंडांच्या सांभाळात अडकलेली असते आणि अभ्यास इतका मागे पडतो की परत यायची तिलाच लाज वाटते.

निरोप देताना ‘का आली नाही?’ असा जाब नको. ‘काय केले म्हणजे येता येईल?’ असे विचारा. मिळालेले कारण ठरावीक रकान्यात नोंदवा: अंतर, वाटेतली छेडछाड, घरकाम, मजुरी, लग्नाची बोलणी, पाळी, आजारपण, नापास होण्याची भीती, शिक्षकांची भीती. दोन सत्रे अशी नोंद ठेवली की तुमच्या शाळेपुरते उत्तर तुमच्या हातात असते. कारण ‘वाटेतली छेडछाड’ असेल तर पॅडवाटपाने काही होणार नाही, आणि कारण ‘नापास होण्याची भीती’ असेल तर सायकल देऊनही ती मुलगी येणार नाही.

बोलणी कोणाशी करायची, हेही महत्त्वाचे. शाळा बहुधा आईला बोलावते, पण निर्णय घरात दुसराच कोणी घेत असतो. वडील, आजोबा, मोठा भाऊ यांना समोर बसवा आणि सभा त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवू नका. ‘मुलींना शिकवा’ या आवाहनाने कोणी बदलत नाही. पुढे कोणते शिक्षण घेता येते, त्याला खर्च किती, मदत कुठून मिळते, कोणती नोकरी मिळते, अर्जाची शेवटची तारीख कोणती, ही माहिती कागदावर द्या. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत एका अभ्यासात तरुण मुलींपर्यंत कॉलसेंटरसारख्या नोकऱ्यांची भरती करणारे लोक तीन वर्षे पाठवण्यात आले. त्या गावांत धाकट्या मुलींचे शाळेत राहणे वाढले आणि तरुणींची लग्ने लांबली. समोर खरी नोकरी दिसली की घरचा हिशोब बदलतो.

सायकल, शिष्यवृत्ती, रोख मदत: यांतले खरोखर काय चालते?

अडचण अंतराची किंवा पैशाची असेल तर हे तिन्ही चालते. काही ठिकाणचे अनुभव नीट अभ्यासले गेले आहेत.

बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देणे सुरू केले. त्या योजनेच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधली दरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त होता. शिवाय अनेक मुली एकाच वेळी सायकलने निघाल्या की वाट आपोआप सुरक्षित होते. एकट्या मुलीला सायकल दिली तर तसे होत नाही.

अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात उलट बाजूने विचार केला गेला: मुलीला शाळेपर्यंत नेण्याऐवजी शाळाच गावात आणली. गावातच शाळा सुरू झालेल्या ठिकाणी पटनोंदणीतली २१ टक्के बिंदूंची दरी पूर्ण मिटली. लहान वयात अंतराचा भार मुलींवर मुलग्यांपेक्षा किती जास्त पडतो, हे यातून कळते.

मेक्सिकोने १९९७ साली सुरू केलेल्या कार्यक्रमात मुले शाळेत जात राहिली तर कुटुंबाला रोख रक्कम मिळत असे आणि माध्यमिक इयत्तांत मुलींसाठी ती मुलग्यांपेक्षा जास्त ठेवली होती, कारण गळती तिथेच होती. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांतल्या मुलींना देशभर विद्यावेतन दिले. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि अविवाहित असणे.

या अटींबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. हजेरीची अट योग्य, कारण ती मुलीच्या आणि घराच्या हातात असते. गुणांची अट घातली की सगळ्यात कच्ची, म्हणजे गळण्याच्या बेतात असलेली मुलगीच मदतीबाहेर जाते. लग्नाची अट कुटुंबाला थांबायला कारण देते, पण लग्न झालेच तर त्या मुलीची शेवटची दोरीही कापते. नवी योजना आखत असाल तर लग्न झालेल्या मुलीलाही शाळेत येत असेतो मदत चालू ठेवा.

योजना फसतात त्या रक्कम उशिरा मिळाल्यामुळे. शुल्क आणि वह्यापुस्तकांचा खर्च सत्राच्या सुरुवातीला असतो. मदत सत्र संपल्यावर आली तर ती बक्षीस ठरते, आधार ठरत नाही. दुसरे कारण कागदपत्रांचे. बँक खाते, जन्मदाखला, पालकांची सही यांपैकी एक अडले की सगळ्यात गरजू मुलगी मागे राहते. शाळेने वर्षाच्या आरंभी एक दिवस फक्त यासाठी ठेवावा आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे काय अडले आहे ते लिहावे.

मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, तरी मुली वापरत नाहीत. का?

आधी संख्या बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शाळांसाठीच्या मार्गदर्शक प्रमाणानुसार २५ मुलींमागे एक शौचालय आणि शिक्षिकांसाठी एक वेगळे. मुलग्यांसाठी ५० जणांमागे एक शौचालय आणि एक मुतारी. आता सुट्टीचा वेळ धरा. २५ मुलींपैकी १२ जणी सुट्टीत आल्या आणि प्रत्येकीला दीड मिनिट लागले तर १८ मिनिटे झाली. सुट्टी १० मिनिटांची असेल तर प्रमाण पाळूनही रांग उरते. मग मुली पाणी पिणे कमी करतात, दिवसभर धरून ठेवतात आणि त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. उपाय दोन: वेगवेगळ्या इयत्तांची सुट्टी वेगवेगळ्या वेळी ठेवणे, आणि तास चालू असताना हात वर करून कारण न सांगता जाऊ देणे.

मग एका मुलीच्या जागी उभे राहून आत जाऊन बघा. कडी आतून लागते का? दाराखालची फट किती आहे? दार लावल्यावर उजेड राहतो का? पाणी आतच आहे की बाहेरून बादली भरून न्यावी लागते? ओढणी, पिशवी अडकवायला खुंटी आहे का? पॅड बदलायचे तर नवे ठेवायला कोरडा कठडा आणि वापरलेले टाकायला झाकणाची बादली आहे का? ती बादली कोण, कोणत्या वारी रिकामी करते? हात धुवायला साबण आहे का? यांतल्या बहुतेक गोष्टी एका सुताराच्या आणि नळवाल्याच्या दिवसभराच्या कामाच्या आहेत, आणि त्यांच्याविना लाखो खर्चून बांधलेली खोली बंद पडते.

कुलूप ही वेगळीच समस्या. ‘घाण करतात’ म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप लागते आणि किल्ली कार्यालयात असते. पाळी चालू असलेली मुलगी चारचौघांत किल्ली मागणार नाही. कुलूप काढा आणि सफाईचे वेळापत्रक लावा. सफाई विद्यार्थ्यांवर सोपवली असेल तर ती फक्त मुलींवर किंवा ठरावीक मुलांवर पडत नाही ना, हे तपासा. शक्यतो ती विद्यार्थ्यांवर टाकूच नका.

जागाही बघा. मुलग्यांच्या मुतारीसमोरून जायचा रस्ता नको, तसाच आवाराच्या टोकाला, कोणाच्या नजरेत नसलेला कोपराही नको.

पॅड वाटले की मुलींची हजेरी वाढते का?

तेवढ्याने फारशी वाढत नाही. नेपाळमध्ये मुलींना मासिक पाळीचे कप देऊन झालेल्या अभ्यासात पाळीमुळे बुडणारे दिवस मुळातच फार थोडे निघाले, आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. एका भागातला निष्कर्ष सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, पण सावध राहायला तो पुरेसा आहे.

तरीही पॅड द्यावेत. कारण हजेरी हा एकच हिशोब नाही. वर्गात बसलेली पण डाग पडेल या धास्तीने फळ्यासमोर न जाणारी मुलगी पटावर हजर असते, शिकत मात्र नसते. पॅड शिक्षिकेच्या कपाटात ठेवून मागायला लावू नका; स्वच्छतागृहातच डब्यात ठेवा. सोबत एक जादा गणवेश, वेदनाशामक गोळीबाबत पालकांची आधी घेतलेली परवानगी आणि पाळीची माहिती मुलग्यांनाही देणारा तास, एवढे मिळून काम होते. पाळी सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण नऊ-दहा वर्षांच्या वयात हा तास झाला पाहिजे. बहुतेक शाळा तो दोन-तीन वर्षे उशिरा घेतात.

मी वर्गात कोणताच भेदभाव करत नाही. तरी काय तपासायचे?

बहुतेक शिक्षकांना मनापासून असेच वाटते. म्हणून आठवणीवर विसंबू नका, मोजा. एका सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा आणि चार तासांची नोंद ठेवायला सांगा. कागदावर दोन रकाने, मुली आणि मुलगे. प्रत्येक संधीला एक रेघ, आणि तिच्यापुढे खूण: प्रश्न पाठांतराचा होता की ‘का’ आणि ‘कसे’ विचारणारा; उत्तर पूर्ण होऊ दिले की मधेच तोडले; चुकल्यावर इशारा देऊन पुन्हा संधी दिली की लगेच दुसऱ्याकडे वळले.

वर्गात १८ मुली आणि २२ मुलगे असतील तर मुली ४५ टक्के. चाळीस संधींपैकी ११ मुलींना मिळाल्या असतील तर ते झाले २७.५ टक्के. हा फरक साधारण कसा पडतो हे बघण्यासारखे आहे. मुलगे हात वर होण्याआधीच उत्तर ओरडतात आणि शिक्षक ते स्वीकारून पुढे जातात. मुली हात वर करून थांबतात आणि प्रश्न संपून जातो. शिक्षकाच्या मनात काही वाईट नसते, पण घाईचा फायदा नेहमी त्याच विद्यार्थ्यांना मिळतो.

पहिला उपाय थांबण्याचा. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांतून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात. मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणा. पहिले काही दिवस ही शांतता शिक्षकालाच जड जाते.

दुसरा उपाय चिठ्ठ्यांचा. सगळ्यांची नावे डब्यात, निघेल त्याने उत्तर द्यायचे. यात बिघडते ते असे: अवघड प्रश्न आला की शिक्षक चिठ्ठी बाजूला ठेवून ‘हुशार’ मुलाला उठवतात. किंवा लाजाळू मुलीचे नाव निघते, ती गप्प राहते, वर्ग हसतो आणि ती पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून आधी एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायला द्या, मग चिठ्ठी काढा. तेव्हा प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते.

कौतुकाचे शब्दही ऐका. मुलगी पहिली आली की ‘मेहनती आहे’ आणि मुलगा आला की ‘डोके आहे’, असे नकळत म्हटले जाते. दोघांनाही काय नेमके बरोबर केले ते सांगा.

मुली विज्ञान-गणित निवडत नाहीत. त्यांना आवड नसते का?

आवड सवयीतून येते, आणि सवय साहित्य हाताळल्याने. प्रयोगशाळेत चार जणांच्या गटाकडे पाच मिनिटे बघत राहा. तीन मुलगे आणि एक मुलगी असेल तर वही तिच्याकडे असते. ब्युरेटची तोटी एक जण फिरवतो, दुसरा अंक वाचतो, तिसरा सूचना देतो आणि ती सुबक अक्षरात तक्ता भरते. वर्षभर असेच चालले तर तिने एकही मापन स्वतः घेतलेले नसते, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत हात थरथरला की ‘मुलींना जमत नाही’ असे म्हटले जाते.

गटात दोन मुली आणि दोन मुलगे ठेवा किंवा सुरुवातीला पूर्ण मुलींचा गट करा. एकटी मुलगी नको. जुळणी, मापन, नोंद, मांडणी अशी चार कामे फळ्यावर नावासकट लिहा आणि दर प्रयोगाला एक घर पुढे सरका. चार प्रयोगांत प्रत्येकाच्या हातून सगळे होते. संगणकाचेही तसेच: माऊस कोणाकडे आहे ते बघा आणि दहा मिनिटांनी बदलायला लावा.

क्षमतेबद्दल शंका असेल तर हे आकडे बघा. २०२२च्या पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरीने मुलगे गणितात ९ गुणांनी पुढे होते, वाचनात मुली २४ गुणांनी पुढे होत्या. गणितातला हा फरक लहान आहे आणि देशागणिक बदलतो. काही देशांत मुली पुढे आहेत. जन्मजात कमतरता असती तर असे झाले नसते.

परीक्षेच्या रचनेचाही परिणाम होतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात तेव्हा मुली जास्त प्रश्न सोडून देतात. चिलीच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत ही कपात बंद झाल्यावर प्रश्न सोडण्यातली मुली-मुलग्यांमधली दरी सुमारे ७० टक्क्यांनी घटली. शाळेच्या सराव परीक्षेत कपात ठेवू नका. अंतिम परीक्षेत ती असेल तर कधी अंदाज करणे फायद्याचे असते ते गणिताने शिकवा: चार पर्यायांत चुकीला पाव गुण जात असेल आणि दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल, तर उरलेल्यांतून एक निवडणे फायद्याचेच.

पाठ्यपुस्तके बदलणे आमच्या हातात नाही. मग?

उदाहरणे आणि प्रश्नपत्रिका तुमच्या हातात आहेत. एक धडा घेऊन मोजा: नावे किती कोणाची, चित्रांत कोण काय करतंय, कोण बोलतंय, कोण अडचण सोडवतंय, कोणाला पगार मिळतो. मोजणी वर्गाकडूनच करून घ्या. तो अर्ध्या तासाचा चांगला पाठ होतो. मग शाब्दिक गणितांत मुलगी यंत्र दुरुस्त करू दे आणि मुलगा बाळाला झोपवू दे. एका धड्यात एक शास्त्रज्ञ स्त्री टाकून बाकी सगळे तसेच ठेवणे पुरेसे नाही. मुले अपवाद म्हणूनच ते लक्षात ठेवतात.

पेपर तपासताना पक्षपात होतो का?

होतो, आणि तो दोन्ही दिशांनी होऊ शकतो. इस्रायलमध्ये नाव माहीत असताना दिलेले गुण आणि नाव झाकून दिलेले गुण यांची तुलना झाली, तेव्हा नाव माहीत असताना मुलग्यांचे नुकसान होत असल्याचे दिसले. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घाला आणि एक प्रश्न सगळ्यांचा तपासून मगच पुढचा घ्या.

छेडछाडीची तक्रार आली तर नेमके काय करायचे?

तक्रार येण्याआधी व्यवस्था हवी. तक्रार ऐकणाऱ्या किमान दोन व्यक्ती ठरवा, त्यांपैकी एक स्त्री, आणि त्यांची नावे वर्गावर्गात लावा. एकच व्यक्ती ठेवली आणि तक्रार तिच्याविरुद्धच असली तर मुलीने जायचे कुठे? तक्रारपेटी लावायची तर ती कार्यालयासमोर नको, जिथे थांबलेले कोणाला दिसत नाही अशी जागा हवी. दोघांनी मिळून आठवड्यातून एकदा उघडायची आणि काही निघाले नाही तरी तारीख लिहायची.

तक्रार आल्यावर एकाच व्यक्तीने, एकदाच, शांतपणे ऐकून तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पाच जणांसमोर तीच गोष्ट पाचदा सांगायला लावणे हा दुसरा त्रास असतो. ‘तू काय घातले होतेस?’, ‘तिथे का गेलीस?’ हे प्रश्न विचारायचे नाहीत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही द्यायचे नाही, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते आधीच लिहून ठेवा. माहिती ज्यांना लागते तेवढ्यांनाच मिळेल, असे सांगा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणे. दुसरी, मुलीची तुकडी बदलणे किंवा ‘काही दिवस घरी राहा’ म्हणणे. त्यामुळे तक्रार केल्याची शिक्षा तिलाच मिळते. हलवायचे असेल तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हलवा. तो शिक्षक असेल तर चौकशी होईपर्यंत त्याचा मुलांशी संपर्क थांबवा.

मुलग्यांचे काय? तेच मागे पडत आहेत असे नाही का?

अनेक देशांत माध्यमिक आणि उच्च शिक्षणात मुलगे मागे आहेत, आणि त्याकडे तितक्याच काळजीने बघायला हवे. वाचनातला फरक वर आलाच आहे. लेसोथोमध्ये मुलगे गुरे राखायला जातात म्हणून शाळेबाहेर राहतात. इतरत्र मजुरी, मारझोड करणारे शिक्षक आणि ‘वाचणे हे मुलींचे काम’ अशी समजूत ही कारणे दिसतात. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीतल्या मुलग्यांना शिकलेल्यांची खरी कमाई किती असते एवढे सांगितले, तर ते पुढच्या काही वर्षांत सरासरी ०.२० ते ०.३५ वर्षे जास्त शिकले. त्यांनी धरलेला अंदाज खूपच कमी होता.

मुलग्यांशी बोलण्याचा दुसरा अर्थही आहे. हरियाणात ३१४ शाळा घेऊन झालेल्या अभ्यासात, त्यांतल्या निम्म्या शाळांत सातवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर अडीच वर्षे, साधारण दर तीन आठवड्यांनी ४५ मिनिटांच्या चर्चा घेतल्या गेल्या. दोघांचेही विचार बदलले. स्वतःच्या वागण्यात बदल झाल्याचे मात्र मुलग्यांनी जास्त सांगितले, कारण घरकामात हात लावणे त्यांच्या हातात होते आणि मुलींना मात्र घराची परवानगी लागत होती. एका दिवसाच्या व्याख्यानाने असे होत नाही.

मुलींची शाळा वेगळी असणे चांगले का?

शिकण्याच्या दृष्टीने स्वतंत्र शाळेचा खास फायदा सिद्ध झालेला नाही. २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला. विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी लक्षात घेतलेल्या चांगल्या अभ्यासांत फरक नगण्य निघाला. पण वेगळी शाळा नसेल तर मुलीला पाठवणारच नाहीत अशी परिस्थिती असेल, तर ती असावी. मात्र शिक्षणातल्या भेदभावाविरुद्धच्या १९६० च्या युनेस्को करारातली अट लक्षात ठेवा: शिक्षकांची पात्रता, इमारतीचा दर्जा आणि अभ्यासक्रम तोडीस तोड हवा. प्रयोगशाळा नसलेली मुलींची शाळा ही अट पाळत नाही.

लग्न झालेल्या किंवा गरोदर मुलीला परत घ्यावे का?

हो, आणि त्यासाठी तिने विनंती करायची वेळ येऊ नये. सिएरा लिओनने मार्च २०२० मध्ये आणि टांझानियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा मुलींवरची बंदी उठवली. शाळेने परतीची तारीख तिच्याशी बोलून ठरवावी, बुडालेल्या अभ्यासाची छोटी यादी द्यावी, बाळाला पाजायला वेळ आणि जागा द्यावी, आणि पुन्हा त्याच इयत्तेत बसायचे की पुढे जायचे हा पर्याय तिला द्यावा. तिच्याबद्दल शेरे मारणाऱ्यांना, मग ते विद्यार्थी असोत वा शिक्षक, पहिल्याच दिवशी थांबवावे.

तृतीयपंथी किंवा पारलिंगी विद्यार्थी असेल तर?

त्याने वा तिने सांगितलेले नाव आणि सर्वनाम वापरा. संमतीशिवाय कोणाला, घरच्यांनाही, सांगू नका. घरी धोका असू शकतो. कुणीही वापरू शकेल असे एकट्याचे स्वच्छतागृह ठेवा, पण तेच वापरण्याची सक्ती करू नका. गणवेशात विजार किंवा स्कर्ट निवडायची मुभा सगळ्यांनाच दिली की कोणी एकटे उठून दिसत नाही.

शिक्षकांमध्ये समतोल नसेल तर फरक पडतो का?

पडतो. शिक्षिका फक्त खालच्या वर्गांवर आणि मुख्याध्यापक नेहमी पुरुष, हे मुले रोज बघतात. पश्चिम बंगालमध्ये सलग दोन वेळा सरपंचपद स्त्रीसाठी राखीव राहिलेल्या गावांत किशोरवयीन मुला-मुलींच्या शिक्षणातली दरी मिटल्याचे आढळले. वेळापत्रक बघा: सत्कारात ओवाळायला आणि चहाला शिक्षिका, आणि हिशोब, क्रीडा, तंत्र यांना शिक्षक, असे होत असेल तर कामे आलटून पालटून द्या.

पैसे नाहीत. सुरुवात कुठून?

पहिल्या महिन्यात तुकडीचा माग, चार तासांची नोंद आणि स्वच्छतागृहाची पाहणी. याला खर्च जवळपास नाही. दुसऱ्या महिन्यात कड्या, खुंट्या, बादल्या, साबण आणि तक्रार ऐकणाऱ्यांची नावे. मग गैरहजेरीच्या नोंदीत सगळ्यात वर आलेले एकच कारण घ्या आणि वर्षभर त्यावरच काम करा. दहा उपक्रम एकदम सुरू केले तर कशाने काय झाले ते कळत नाही आणि दुसऱ्या वर्षी सगळेच थंडावते.

परिणाम किती दिवसांत दिसतो?

वर्गातल्या संधींचा समतोल काही आठवड्यांत बदलतो. हजेरी साधारण एका सत्रात. विषयनिवड आणि टिकून राहण्याचे प्रमाण मात्र एक तुकडी पुढे सरकल्याशिवाय कळत नाही, म्हणजे तीन ते पाच वर्षे. छेडछाडीच्या तक्रारी पहिल्या वर्षी बहुधा वाढतात. समितीने त्याने घाबरून जाऊ नये. बोलायची सोय झाली म्हणून आधीपासूनच्या गोष्टी आता बाहेर येत असतात. तक्रारीची संख्या एकटी लिहू नका. तिच्याशेजारी, किती तक्रारींवर ठरल्या मुदतीत निर्णय झाला आणि तक्रार करणारी किती मुले अजून शाळेत येत आहेत, हे दोन आकडेही लिहा.